तिने स्वतःला रंगवले, आपण तिला कसे रंगवायचे?

या महिन्यात सदराकडे आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे एकाच बाईविषयी आहेत, आणि ती बाई १६२५ साली सिसिली बेटावरच्या पालेर्मो शहरात वारली. सोफोनिस्बा आंग्विस्सोला या इटालियन चित्रकर्तीचे आजच्या एका चित्रकाराने केलेले व्यक्तिचित्र मुंबईत अलीकडेच पाहायला मिळाले आणि त्यातून ही पत्रे आली. पत्रे थोडी संक्षिप्त करून देत आहे. मी स्वतः आयुष्यभर व्यक्तिचित्रे रंगवत आणि शिकवत आलो असल्यामुळे उत्तरे कमीअधिक लांबीची झाली आहेत, त्याबद्दल वाचकांनी सांभाळून घ्यावे.

प्रश्न : काळा घोडा परिसरातल्या एका प्रदर्शनाला मी आईला घेऊन गेले होते. तिथे सोफोनिस्बाचे मोठे तैलचित्र होते. अंगात काळा झगा, गळ्याशी पांढरी कॉलर, हातात ब्रश, आणि मागे इटलीतली खोली नसून आजच्या मुंबईतली खिडकी, तिच्यातून दिसणारी बांधकामाची क्रेन. बाई मोकळेपणाने हसत होत्या. आई म्हणाली, "जिला जाऊन चारशे वर्षे झाली तिला यांनी पाहिले कुठे?" मला उत्तर देता आले नाही. अशा चित्राला व्यक्तिचित्र म्हणायचे का? आणि ती खरोखर अशी दिसत होती का? — एक वाचिका, गिरगाव

उत्तर : आपल्या आईंनी विचारलेला प्रश्न व्यक्तिचित्रकाराला विचारावा असा पहिला प्रश्न आहे, आणि तो न विचारताच बहुतेक लोक चित्रापुढून पुढे सरकतात. आपल्या घराघरांतल्या भिंतींकडे पाहिले तर न पाहिलेल्या माणसांची चित्रे आपण किती सहज स्वीकारतो हे लक्षात येईल. संत ज्ञानेश्वरांचे समकालीन चित्र कुठेही नाही. कॅलेंडरवरचा तो सौम्य, कोवळा चेहरा चित्रकारांच्या भक्तीतून आणि कल्पनेतून आला, आणि आता तोच आपल्याला खरा वाटतो. छत्रपती शिवाजी महाराजांच्या बाबतीत गोष्ट वेगळी आहे. एके काळी भलत्याच व्यक्तीचे चित्र महाराजांचे म्हणून छापले जात होते, आणि इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी डचांकडे गेलेल्या जुन्या चित्राचा माग काढून ती चूक दाखवून दिली. म्हणजे न पाहिलेल्या माणसाचे चित्र काढणारा एक तर कल्पनेवर विसंबतो किंवा पुराव्यावर, आणि आपण नेमके कशावर विसंबलो आहोत हे त्याला स्वतःशी तरी स्पष्ट असावे लागते.

सोफोनिस्बाच्या बाबतीत पुरावा भरपूर आहे, आणि तो तिने स्वतः तयार करून ठेवलेला आहे. उत्तर इटलीतल्या क्रेमोना गावी १५३२ च्या सुमारास एका बेताच्या ऐपतीच्या सरदार घराण्यात ती जन्मली. सहा बहिणी आणि एक भाऊ यांत ती थोरली. वडील आमिल्कारे हे चित्रकार नव्हते, तरी त्यांनी थोरल्या दोघी मुलींना, सोफोनिस्बाला आणि एलेनाला, बेर्नार्दिनो कांपी या स्थानिक चित्रकाराकडे शिकायला पाठवले. त्या काळी जी मोजकी स्त्री चित्रकार दिसतात त्यांतल्या बहुतेकींचे बापच चित्रकार होते आणि घरचा कारखाना हीच त्यांची शाळा होती. घराबाहेर गुरू शोधून मुलींना त्याच्याकडे पाठवणारा बाप हा अपवाद होता. पुढे १५५९ साली स्पेनचा राजा दुसरा फिलिप याच्या दरबारात, त्याची तरुण राणी इझाबेल हिची सखी आणि चित्रकलेची शिक्षिका म्हणून ती गेली. दोन वेळा लग्न झाले. पहिला नवरा समुद्रात मरण पावला, दुसरा जहाजाचा कप्तान होता. नंतरची बरीच वर्षे जेनोवात आणि अखेरची पालेर्मोत गेली.

या दीर्घ आयुष्यात तिने स्वतःला पुन्हा पुन्हा रंगवले. व्हिएन्नाच्या संग्रहालयातले १५५४ सालचे आत्मचित्र लाकडी फळीवर आहे आणि ते जेमतेम वीस सेंटिमीटर उंच आहे, म्हणजे आपल्या शाळेच्या वहीपेक्षाही लहान. त्यात तिच्या हातात एक छोटे उघडे पुस्तक आहे आणि त्याच्या पानावर लॅटिनमध्ये लिहिले आहे की कुमारी सोफोनिस्बा आंग्विस्सोला हिने स्वतःच स्वतःला रंगवले, १५५४. केस मधोमध भांग पाडून घट्ट मागे बांधलेले, अंगावर दागिना नाही, झगा काळा, डोळे मोठे आणि थेट आपल्याकडे लागलेले. पोलंडमधल्या वायंत्सूत इथल्या संग्रहात, दोनएक वर्षांनंतरचे, ईझलपुढे बसलेले आत्मचित्र आहे. तिथे ती मरिया आणि बाल येशू यांचे चित्र रंगवता रंगवता मान वळवून आपल्याकडे पाहते; ब्रश धरलेला हात कॅनव्हासला लागू नये म्हणून टेकायला घ्यायची लांब काठी तिने धरली आहे. ही काठी आमच्या जे. जे. कलाशाळेच्या वर्गातही असायची. ज्याने ती धरून डोळ्यातला प्रकाशाचा ठिपका टेकवला आहे, त्याला त्या चित्रातल्या मनगटाचा ताण लगेच ओळखू येतो.

तेव्हा आपल्या आईंना असे सांगा, की चित्रकाराने तिला पाहिले ते तिच्याच डोळ्यांनी. व्यक्तिचित्र म्हणायला इतके पुरेसे आहे, मात्र त्याबरोबर एक जबाबदारी येते. सोफोनिस्बाने स्वतःला कसे दाखवायचे हे विचारपूर्वक ठरवले होते. खिडकी आणि क्रेन याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. मागची खोली ही आजच्या चित्रकाराची आहे, त्याने ती आपल्या शहरातली घेतली, उलट बरे केले. हसणे मात्र मला पटले नाही. तिला हसणारे चेहरे रंगवता येत नव्हते असे मुळीच नाही. पोझ्नानच्या संग्रहालयातल्या १५५५ च्या बुद्धिबळाच्या चित्रात तिच्या तीन बहिणी पट मांडून बसल्या आहेत आणि त्यांतली सर्वांत धाकटी एउरोपा बहिणीची फजिती पाहून खुदकन हसते आहे. चित्रकारांची चरित्रे लिहिणाऱ्या वासारीने हे चित्र क्रेमोनात त्यांच्या घरी पाहिले आणि यातल्या मुलींना फक्त बोलणेच काय ते कमी आहे असे लिहून ठेवले. हसणाऱ्या मुलीचे तिचे रेखाचित्र मायकेलअँजेलोला दाखवले तेव्हा, रडणारा मुलगा काढणे अधिक कठीण, असे तो म्हणाला, आणि तिने चिंगूळ चावल्यामुळे रडणाऱ्या लहानग्याचे चित्र काढून पाठवले. इतरांचे हसू आणि रडू इतक्या बारकाईने पाहणारी बाई स्वतःला रंगवताना ओठ मिटून, गंभीर, पाहणाऱ्याला तोलणारी अशी दाखवते. ती निवड तिची आहे. तिचा चेहरा तिच्याकडून घ्यायचा आणि त्यावरचा भाव मात्र आपला चिकटवायचा, हे मला त्या पुराव्याशी केलेले प्रामाणिक वर्तन वाटत नाही.

आणखी एक गोष्ट त्या चित्रकाराने विचारात घेतली होती की नाही, ते चित्र न पाहता मी सांगू शकत नाही, पण आपण पुन्हा गेलात तर पाहावे. आत्मचित्र आरशात पाहून होते. बॉस्टनच्या संग्रहालयातल्या तिच्या तळहाताएवढ्या लघुचित्रावर तर आरशातून पाहून स्वतःच्या हाताने रंगवले असे लिहिलेलेच आहे. आरशात डावे उजवे होते. माणसाचा चेहरा दोन्ही बाजूंनी कधीच सारखा नसतो. एक भुवई किंचित वर, एक नाकपुडी जरा रुंद असते. म्हणून आत्मचित्रावरून जसाच्या तसा चेहरा उतरवला, तर जो चेहरा तिला आरशात दिसत होता तो मिळतो. तिच्या समोर बसलेल्या बहिणीला जो दिसत होता तो मिळत नाही. आपला स्वतःचा फोटो आपल्याला परका वाटतो आणि घरच्यांना हुबेहूब वाटतो, त्याचे कारण हेच आहे.

प्रश्न : मी चित्रकलेच्या शेवटच्या वर्षाला आहे. वार्षिक कामासाठी सोफोनिस्बाचे व्यक्तिचित्र करायचे ठरवले आहे. मोबाइलवर तिची शेकडो चित्रे मिळतात, प्रत्येकात रंग वेगळा. कोणते वय घ्यावे, प्रकाश कुठून घ्यावा, रंग कोणते वापरावेत आणि काय टाळावे, याबद्दल मार्गदर्शन करावे. — एक विद्यार्थी, दादर

उत्तर : तुझा प्रश्न माझ्या अगदी जिव्हाळ्याचा आहे, तेव्हा थोडे सविस्तर सांगतो.

वयाचा निर्णय आधी कर, कारण बाकी सर्व त्यावर अवलंबून आहे. विशीतली सोफोनिस्बा हवी असेल तर व्हिएन्नाचे आणि वायंत्सूतचे आत्मचित्र समोर ठेव. पण माझे मत विचारशील तर मी म्हातारी सोफोनिस्बा रंगवेन, आणि त्याचे कारण एका वहीत आहे. १२ जुलै १६२४ या दिवशी पंचवीस वर्षांचा फ्लेमिश चित्रकार अँथनी व्हॅन डाइक पालेर्मोत तिच्या घरी गेला. त्याची ती प्रवासातली वही आता लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे; तिच्या एका पानावर डोईवरून पदरासारखे वस्त्र घेतलेली, खुर्चीत बसलेली एक वृद्धा आहे आणि भोवती त्याने इटालियनमध्ये बारीक अक्षरात नोंद केली आहे. वय त्याने शहाण्णव लिहिले. खरे तर ती ब्याण्णवच्या आसपास असणार. स्मरण आणि बुद्धी तल्लख होती, बोलणे अतिशय सौजन्याचे होते, दृष्टी मात्र गेली होती. तरी समोर चित्रे ठेवायला लावून, नाक अगदी चित्राला लावून, मोठ्या कष्टाने तिने त्यातले थोडेफार ओळखले, असे तो लिहितो. तो तिला रेखाटत असताना तिनेच त्याला सूचना केल्या. त्यातली एक त्याने नोंदवून ठेवली आहे: प्रकाश फार उंचावरून घेऊ नकोस, नाहीतर म्हातारपणाच्या सुरकुत्यांतल्या सावल्या फार मोठ्या होतील.

ही सूचना तू आपल्या वर्कशॉपच्या भिंतीवर लिहून ठेव. आपल्याकडे घरात आणि वर्गात बहुतेक वेळा छताजवळच्या ट्यूबलाइटखाली मॉडेल बसवले जाते. त्या प्रकाशात डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात, नाकाची सावली ओठावर येते, आणि साठीची बाई ऐंशीची दिसते. तुझ्या चित्रासाठी घरातल्या किंवा शेजारच्या एखाद्या आजींना प्रकाशाच्या अभ्यासापुरते बसवता आले तर जरूर बसव. सकाळी, खिडकीशेजारी, प्रकाश चेहऱ्याच्या पातळीच्या थोडासाच वर आणि बाजूने येईल असे बसव, खिडकीला पांढरे मलमल लाव, आणि ट्यूब बंद कर. अर्ध्या तासात तुला कळेल की सुरकुतीत सावली असतेच, पण ती सावली उबदार आणि पातळ असते. तिच्यात काळा रंग टाकला की कातडी फाटल्यासारखी दिसते.

आता हात. इथे मला माझ्या एका चुकीची गोष्ट सांगायची आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी गिरगावातल्या एका चाळीतले कुटुंब आईचा पासपोर्ट आकाराचा फोटो घेऊन माझ्याकडे आले. आई वारून वर्ष झाले होते आणि वर्षश्राद्धाच्या आत बसलेल्या स्थितीतले मोठे चित्र हवे होते. फोटो खांद्यापर्यंतच होता. चेहरा मी मन लावून केला, नाकातली नथ, कपाळावरचे किंचित फिकट झालेले कुंकू, सर्व काही जमले. मांडीवरचे हात मात्र एका ओळखीच्या बाईंना बसवून त्यांच्यावरून रंगवले. चित्र पाहायला मुलगी आली. चेहरा पाहून तिच्या डोळ्यांत पाणी आले, मग तिची नजर खाली गेली आणि ती गप्प झाली. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "आईने तीस वर्षे शिवणकाम केले. तिच्या डाव्या तर्जनीचे टोक सुईने खरखरीत झाले होते, आणि ते बोट ती नेहमी अंगठ्याने चोळत बसायची." मी ते दोन्ही हात खरवडून काढले आणि पुन्हा रंगवले, अंगठा तर्जनीवर ठेवून. चित्र तेव्हा पुरे झाले.

सोफोनिस्बाच्या बाबतीत हातांचा पुरावा शब्दांत शिल्लक आहे. व्हॅन डाइकने लिहिले आहे की दृष्टी गेल्यामुळे आता रंगवता येत नाही हेच तिचे सर्वांत मोठे दुःख होते, आणि हात अजून स्थिर होता, जराही कापत नव्हता. म्हणून तू वृद्ध सोफोनिस्बा रंगवणार असशील तर डोळे मंद ठेव, नजर कशावरही न टेकणारी ठेव, आणि हात मात्र खंबीर रंगव. थरथरणारे, गळून पडलेले, म्हाताऱ्या माणसाला रंगवताना आपण सवयीने काढतो तसे हात तिला देऊ नकोस. ब्रश हातात देण्याचा मोह होईल. तो आवर, कारण त्या दिवशी तिच्या हातात ब्रश नव्हता. पण बोटांची ठेवण ब्रश धरणाऱ्याची असू दे. तू स्वतः रोज ब्रश धरतोस, तेव्हा तुझी मधली आणि अंगठ्याशेजारची बोटे नीट पाहा.

मोबाइलवरच्या चित्रांबद्दल. एकाच आत्मचित्राची कुठे पिवळी, कुठे निळसर, कुठे कातडी गुळगुळीत केलेली प्रत मिळते. जुन्या तैलचित्रावर वॉर्निशचा थर पिवळा पडलेला असतो आणि सफाईच्या आधीचा फोटो व नंतरचा फोटो यांत फार फरक पडतो, हे एक कारण आहेच. बाकी लोकांनी केलेली कारागिरी. ज्या संग्रहालयात मूळ चित्र आहे त्याच्याच संकेतस्थळावरची प्रत घे, आणि ती छापून नैसर्गिक उजेडात पाहा. जुना तैलरंग प्रत्यक्षात कसा दिसतो हे कळायला आपल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जा. सर रतन टाटा आणि सर दोराब टाटा यांच्या संग्रहांतून आलेली युरोपीय चित्रे तिथे आहेत. चित्रासमोर उभे न राहता जरा बाजूला सरकून, तिरक्या उजेडात पृष्ठभाग पाहा. प्रकाशाच्या जागी रंग जाड आणि सावलीच्या जागी जवळजवळ कापडाचा पोत दिसण्याइतका पातळ, हे जितक्या लवकर डोळ्याला कळेल तितके चांगले.

रंगांची यादी छोटी ठेव. सोफोनिस्बाच्या काळच्या चित्रांतली कातडी शिशाचा पांढरा, पिवळी आणि तांबडी माती, थोडे हिंगूळ, अंबर ही तपकिरी माती आणि हाडांचा काळा एवढ्यावर होत असे. शिशाचा पांढरा विषारी असल्यामुळे तो तू वापरू नयेस. आपला टायटॅनियम व्हाइट हा विसाव्या शतकातला रंग आहे. तो फार झाकणारा आणि थंड आहे, म्हणून कातडीत वापरताना त्यात यलो ऑकरचा अगदी थोडा अंश घाल, नाहीतर चेहरा चुन्याने सारवल्यासारखा होतो. काळा झगा नुसत्या ट्यूबमधल्या काळ्याने करू नकोस. आधी बर्न्ट अंबरचा पातळ हात दे, तो पूर्ण वाळू दे, आणि त्यावर जवसाच्या तेलात पातळ केलेला आयव्हरी ब्लॅक चढव. काळ्यात उष्णता राहते. जुलै-ऑगस्टमध्ये हे काम काढलेस तर मुंबईच्या दमट हवेत अंबरचा हात वाळायलाही नेहमीपेक्षा जास्त दिवस लागतील, त्याचा हिशेब आधीच कर.

टाळायचे एकच सांगतो. तिला सुंदर करू नकोस. तिने स्वतःला कधी केले नाही.

प्रश्न : वर्तमानपत्रात तिचे नाव कधी 'सोफोनिस्बा', कधी 'सोफोनिझ्बा', आडनाव 'अँग्विसोला' असे येते. योग्य काय? आणि तिला प्रबोधनकाळातली म्हणावे की त्यानंतरची? — एक ज्येष्ठ वाचक, विलेपार्ले

उत्तर : इटालियन उच्चाराला जवळचे म्हणून मी 'आंग्विस्सोला' लिहितो, पहिल्या नावातला 'स्' इटालियनमध्ये 'झ'कडे झुकतो, त्यामुळे दोन्ही रूपे चालण्यासारखी आहेत. नावाची हकीकत मात्र सांगण्याजोगी आहे. सोफोनिस्बा ही उत्तर आफ्रिकेतल्या प्राचीन कार्थेज राज्याची राजकन्या, हास्द्रुबालची मुलगी. आंग्विस्सोला घराण्याला कार्थेजच्या नावांची हौस होती: बाप आमिल्कारे म्हणजे हॅमिल्कार, मुलगा आस्द्रुबाले म्हणजे हास्द्रुबाल. आपल्याकडे एखाद्या घरात भीम, अर्जुन, सुभद्रा अशी नावे ठेवावीत तशातलाच हा प्रकार आहे. काळाविषयी म्हणाल तर तिचे तरुणपणचे काम प्रबोधनकाळाच्या, म्हणजे रेनेसाँसच्या, अखेरच्या टप्प्यातले मानतात. ती वारली तेव्हा तिच्या नंतरच्या पिढीतल्या कारावाज्जो या चित्रकाराला जाऊनही पंधरा वर्षे झाली होती आणि चित्रकला पुष्कळ पुढे गेली होती. एवढे दीर्घ आयुष्य एका खणात बसत नाही, आणि बसवण्याची गरजही नाही.

प्रश्न : माझी मुलगी चौदा वर्षांची आहे आणि फक्त माणसांचे चेहरे काढते, निसर्गचित्र, रचनाचित्र काही नको म्हणते. तिच्या शिक्षकांना हे एकांगी वाटते. ते म्हणाले, जुन्या काळच्या स्त्रियासुद्धा व्यक्तिचित्रांतच अडकल्या. हे खरे आहे का? — एक पालक, बोरिवली

उत्तर : अडकल्या हे खरे, पण त्यांना कोणी अडकवले हेही सांगायला हवे. मोठी धार्मिक आणि पौराणिक चित्रे रचायला उघड्या शरीराचा अभ्यास लागतो, आणि मुलींना नग्न मॉडेलसमोर बसून रेखाटण्याची परवानगी नव्हती. सोफोनिस्बासाठी उपलब्ध मॉडेल म्हणजे आरसा, बहिणी, भाऊ, बाप आणि घरातली दाई. बुद्धिबळाच्या चित्रात कोपऱ्यात ती दाईसुद्धा आहे. एवढ्याच साहित्यातून तिने घरातला एक साधा प्रसंग मोठ्या चित्राच्या योग्यतेला नेला. थोड्याच वर्षांनी बोलोन्याच्या लाव्हीनिया फोंतानाने देवळांतली मोठी चित्रेही केली, म्हणजे वाट हळूहळू रुंदावत होती.

मुंबईत ही वाट अशीच रुंदावत गेली. १८५७ साली सुरू झालेल्या जे. जे. स्कूलच्या परंपरेत व्यक्तिचित्रणाला फार मोठे स्थान होते, आणि त्या परंपरेतल्या दोन मातब्बर चित्रकारांच्या मुली, रावबहादूर धुरंधरांच्या अंबिकाबाई आणि त्रिंदाद यांच्या अँजेला, स्वतः नावारूपाला आलेल्या चित्रकर्ती होत्या. अंबिकाबाईंनी ऐतिहासिक प्रसंगांच्या रचनाही केल्या.

मुलीला तिच्या मनासारखे चेहरे काढू द्यावेत. तिला सिएनाच्या संग्रहालयातल्या एका चित्राचा फोटो जरूर दाखवा. त्यात सोफोनिस्बाने आपले गुरू बेर्नार्दिनो कांपी यांना रंगवले आहे, आणि ते कॅनव्हाससमोर उभे राहून तिचेच चित्र रंगवत आहेत. गुरू एका बाजूला, मागे वळून पाहणारे. कॅनव्हासवरची शिष्या मधोमध, त्यांच्याहून मोठी. गुरूंची नजर आपल्याकडे आहे असे वाटते, पण चित्र रंगवले जात असताना समोर सोफोनिस्बा होती, म्हणजे ते तिच्याकडे पाहत आहेत. कोण कोणाला रंगवतो आहे हे ओळखायला मुलीला सांगा आणि तिला हवा तितका वेळ द्या. तिच्या शिक्षकांनाही हे चित्र दाखवावे. केवळ चेहऱ्यांतून किती मोठी रचना उभी राहते हे त्यात दिसते.

प्रश्न : मी हौशी चित्रकार आहे. सोफोनिस्बाच्या आत्मचित्रावरून मी चित्र केले, पण पार्श्वभूमी व वस्त्रे बदलली. ते समूह प्रदर्शनात लावायचे आहे. याला नक्कल म्हणतील का, काही कायदेशीर अडचण येईल का, आणि सही कोणाची करायची? पुढचे चित्र लाकडी फळीवर करावे का? — एक वाचक, मुलुंड

उत्तर : आपल्या कायद्यात चित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षांपर्यंत स्वामित्वहक्क राहतो, त्यामुळे मूळ चित्राविषयी अडचण नाही. संग्रहालयाने काढलेला फोटो जसाच्या तसा पत्रिकेवर छापणार असाल तर त्या संग्रहालयाच्या अटी वाचून घ्या. फळीवर काम करायला हरकत नाही, मात्र मुंबईच्या पावसाळ्यात साधी फळी फुगते आणि वाकते. चांगला प्लाय घेऊन दोन्ही बाजूंना आणि कडांना अस्तराचे सारखेच हात द्या, मागची बाजू कोरडी ठेवू नका.

सही अर्थात आपलीच करा. पण पाटीवर तिचे काम लपवू नका, याबद्दल माझा आग्रह आहे. स्पेनच्या दरबारातल्या चित्रांवर ती सही करत नसे, आणि त्यामुळे माद्रिदच्या प्रादो संग्रहालयातले राजा फिलिपचे चित्र फार काळ दरबारातल्या पुरुष चित्रकारांच्या नावावर होते; अभ्यासकांनी ते तिच्या नावावर परत आणायला विसावे शतक उजाडावे लागले. तेव्हा पाटीवर आपले नाव, माध्यम आणि वर्ष लिहिल्यावर खाली आणखी एक ओळ घाला: 'चेहरा सोफोनिस्बा आंग्विस्सोला यांच्या १५५४ च्या आत्मचित्रावरून, व्हिएन्ना.' आपण दुसरे आत्मचित्र घेतले असेल तर त्याचे वर्ष आणि गाव लिहा.